फायनल कट प्रो एक्स: सगळं परत मिळालं, तरी एडिटर परतले का नाहीत?

२१ जून २०११ रोजी ॲपलने फायनल कट प्रो एक्स हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर मॅक ॲप स्टोअरवर आणलं. किंमत २९९.९९ डॉलर. त्याआधीचा फायनल कट प्रो ७ ज्यात असायचा ती फायनल कट स्टुडिओ ही सहा प्रोग्रॅमची पेटी ९९९ डॉलरला मिळायची. कागदावर पाहिलं तर मुळापासून नव्याने लिहिलेला, ६४-बिट, कितीतरी वेगवान प्रोग्रॅम एक तृतीयांश किमतीत मिळत होता. जे वर्षानुवर्षं मागितलं तेच हाती पडल्यावर माणसं खूश व्हायला हवी होती. झालं उलटंच. ॲप स्टोअरवर पाच तारे देणारे आणि एक तारा देणारे असे सरळ दोन तट पडले. जुना प्रोग्रॅम परत आणा म्हणून निवेदनावर हजारो सह्या झाल्या. पैसे परत मागणाऱ्या अनेकांना ॲपलने ते परतही दिले. अमेरिकी विनोदवीर कोनन ओब्रायनच्या टीव्ही कार्यक्रमात तर त्याच्याच एडिटरांनी नव्या प्रोग्रॅमची यथेच्छ टर उडवली. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर टीव्हीवर विनोद व्हावा, म्हणजे प्रकरण किती चिघळलं होतं ते समजावं.

ही गोष्ट नेहमी अशी सांगितली जाते: प्रोग्रॅम अर्धवट बाहेर काढला, सुविधा गहाळ होत्या, लोक चिडले, सुविधा हळूहळू आल्या, लोक शांत झाले. यातला शेवटचा भाग मला अपुरा वाटतो. लोक शांत झाले खरे, पण त्यांतले बरेचसे परत आले नाहीत. गहाळ सुविधांची यादी जवळजवळ पूर्ण भरून निघाली आणि तरी माणसं गेली ती गेलीच. मग राग खरोखर त्या यादीवर होता का?

आधीचा प्रोग्रॅम काय होता

नव्वदच्या दशकाच्या शेवटी व्यावसायिक संकलन म्हणजे ॲव्हिड या कंपनीचा प्रोग्रॅम, आणि ॲव्हिडची पूर्ण यंत्रणा म्हणजे हजारो डॉलरचा मामला. अडोबी प्रीमियरच्या पहिल्या आवृत्त्या लिहिणारे रँडी उबिलोस तेव्हा मॅक्रोमीडियात ‘कीग्रिप’ नावाच्या प्रोग्रॅमवर काम करत होते. १९९८ मध्ये ॲपलने तो प्रकल्प आणि ती टीम दोन्ही विकत घेतली. एप्रिल १९९९ मध्ये लास व्हेगासच्या एनएबी या प्रसारण क्षेत्राच्या प्रदर्शनात तो ‘फायनल कट प्रो’ म्हणून बाहेर आला. ९९९ डॉलरचा प्रोग्रॅम, एक मॅक आणि फायरवायरची केबल एवढ्यावर डीव्ही कॅमेऱ्याचं फुटेज कापता येऊ लागलं.

सुरुवातीला त्याला फारसं कुणी गंभीरपणे घेतलं नाही. मग नामवंत संकलक वॉल्टर मर्च यांनी ‘कोल्ड माउंटन’ हा २००३ चा मोठा स्टुडिओपट फायनल कटवर कापला आणि त्यासाठी त्यांना ऑस्करचं नामांकनही मिळालं. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘द सोशल नेटवर्क’ला संकलनाचं ऑस्कर मिळालं. तो चित्रपट कर्क बॅक्स्टर आणि अँगस वॉल यांनी फायनल कट प्रो ७ वर कापला होता. म्हणजे ज्या प्रोग्रॅमवर काम करून धंद्यातला सर्वोच्च मान नुकताच मिळाला होता, तो प्रोग्रॅम पुढच्या चार महिन्यांत बाजारातून उठला. पुढचं सगळं वाचताना हे अंतर लक्षात असू द्यावं.

पण तो प्रोग्रॅम थकला होता, हेही तितकंच खरं. ३२-बिट असल्यामुळे मशिनमध्ये कितीही मेमरी घाला, त्याला चार जीबीपलीकडे वापरता येत नव्हती. आठ कोअरचं मशिन घेतलं तरी रेंडरच्या वेळी, म्हणजे इफेक्टसकट चित्र तयार होत असताना, बहुतेक कोअर रिकामे बसायचे. एडिटरचा निम्मा दिवस रेंडरची पट्टी सरकताना बघण्यात जायचा. शिवाय तो ज्या कार्बन नावाच्या जुन्या पायावर उभा होता, त्याची ६४-बिट आवृत्ती ॲपलने स्वतःच २००७ मध्ये रद्द केली होती. तेव्हापासून पुनर्लेखन अटळ होतं. नवा प्रोग्रॅम हवा की नको, याबद्दल २०११ मध्ये वाद नव्हताच. तो तर सगळ्यांनाच हवा होता.

फक्त एक गोष्ट टोचणारी होती. अडोबीने २०१० मध्ये प्रीमियर प्रो ६४-बिट करून दाखवलं होतं, आणि वरून ते पूर्वीसारखंच दिसत होतं. पाया बदलायचा तर दर्शनी भागही पाडावाच लागतो, असं काही नव्हतं. ॲपलने तो पाडला, कारण तिथे काही वेगळं करून बघायचं होतं.

लास व्हेगासमधली संध्याकाळ

१२ एप्रिल २०११. एनएबीच्या काळात फायनल कट वापरणाऱ्यांचा ‘सुपरमीट’ नावाचा मेळावा भरायचा. त्या वर्षीची संध्याकाळ ॲपलने जवळजवळ आपल्याच ताब्यात घेतली, आणि ज्या इतर कंपन्यांची सादरीकरणं ठरली होती त्यांना बाजूला व्हावं लागलं. मंचावर ॲपलचे उबिलोस आणि पीटर स्टाइनॉवर. पार्श्वभूमीत आपोआप होणारं रेंडर, आवाजाच्या लहरींवरून दोन क्लिप जुळवणं, क्लिपवरून नुसता माउस फिरवला की आतलं दिसणं, चुंबकासारखी चिकटणारी टाइमलाइन. एकेका गोष्टीला टाळ्या. २९९ डॉलरचा आकडा आला तेव्हा तर सभागृह डोक्यावर घेतलं.

त्या दिवशी काय दाखवलं नाही, हे कुणी विचारलं नाही. मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र कापणं) दाखवलं नाही, म्हणजे वेळ नसेल. आवाजाच्या स्टुडिओला काम कसं द्यायचं ते आलं नाही, म्हणजे ते जुनंच असेल. बारा वर्षं जे आहे ते नव्यातही असणारच, असं गृहीत धरणं ही एडिटरांची भाबडी समजूत नव्हती. सातव्या आवृत्तीपर्यंतचा अनुभवच तसा होता. मला तर वाटतं, जूनमधल्या भडक्याची ठिणगी याच टाळ्यांमध्ये पडली. एप्रिलमध्येच ‘हे, हे आणि हे पहिल्या आवृत्तीत नसेल’ असं मंचावरून सांगितलं असतं तर टाळ्या कमी पडल्या असत्या, पण जूनमध्ये फसवल्याची भावना झाली नसती.

टाइमलाइनवर नेमकं काय बदललं

बाहेरच्या माणसाला हा सगळा गदारोळ कशासाठी, ते कळावं म्हणून एकच साधी क्रिया जवळून बघू: मधली एक क्लिप उडवणं.

फायनल कट ७ मध्ये टाइमलाइन म्हणजे एकाखाली एक ट्रॅक. वर चित्राचे, खाली आवाजाचे. डिलीट दाबलं की क्लिप जाते आणि तिच्या जागी पोकळी राहते. बाकी काहीही हलत नाही. पोकळी बुजवायची तर शिफ्ट-डिलीट, मग पुढचं सगळं मागे येतं. पण त्यात एखादा ट्रॅक लॉक असला तर तो तिथेच थांबतो, चित्र आणि आवाज सिंकमधून सुटतात, आणि क्लिपच्या कोपऱ्यात किती फ्रेमचा घोळ झालाय ते सांगणारे लाल आकडे उगवतात. एडिटरच्या नोकरीचा एक भाग म्हणजे ते लाल आकडे उगवू न देणं. हे कौशल्य कमवायला वर्षं जातात, आणि ते अंगात भिनलं की माणूस विचार न करता दोन्ही हातांनी कापत जातो.

नव्या प्रोग्रॅममध्ये ट्रॅकच नाहीत. एक मुख्य स्टोरीलाइन आहे आणि बाकी सगळं, म्हणजे वरचे शॉट, शीर्षकं, इफेक्ट, संगीत, त्या स्टोरीलाइनमधल्या कुठल्या ना कुठल्या क्लिपला जोडलेलं. मधली क्लिप उडवली की पुढचं आपोआप मागे येतं आणि ज्याला जे जोडलंय ते त्याच्याबरोबर सरकतं. सिंक बिघडत नाही. दोन जोडलेल्या क्लिप एकमेकींवर आदळू लागल्या तर त्यातली एक स्वतःच दुसऱ्या रांगेत जाते. मुलाखतींचा ढीग घेऊन त्यातून गोष्ट शोधत बसलेल्या माणसासाठी हे वरदान आहे. उतारे इकडचे तिकडे टाकत बसा, काहीही मोडत नाही.

पण ज्या क्लिपला शीर्षक जोडलंय ती क्लिप उडवली, तर शीर्षकही तिच्याबरोबर गेलं. आणि ज्याच्या कार्यक्रमाची लांबी सेकंदापर्यंत ठरलेली आहे, संगीत आधीच मिक्स होऊन आलंय, चौथ्या मिनिटाचा ठोका चौथ्या मिनिटालाच पडायला हवा, त्याला ‘एक उडवलं की पुढचं सगळं सरकतं’ हा धोका वाटतो. त्याला पोकळीच हवी असते. पोझिशन टूल घेऊन किंवा मोकळी जागा भरणारी ‘गॅप’ टाकून हे पहिल्या दिवसापासून करता येत होतं. कित्येकांना ते सापडलंच नाही, आणि ‘यात हे होतच नाही’ म्हणून त्यांनी ठोकून दिलं. तक्रारींतला बऱ्यापैकी वाटा असा होता, आणि तो मान्य करायला हवा. ‘हे तर आयमूव्ही प्रो’ हा टोमणाही मला आळशी वाटतो. तो चिकटला मात्र पक्का, आणि त्याला ॲपलनेच हातभार लावला. नव्या प्रोग्रॅममध्ये घरगुती वापराच्या आयमूव्हीचे प्रकल्प उघडत होते. फायनल कट ७ चे उघडत नव्हते.

एकट्याचं काम आणि साखळीतलं काम

खरी जखम इथे होती. पाच तारे देणारे आणि एक तारा देणारे यांच्यात हुशारीचा किंवा जिद्दीचा फरक नव्हता. पाच तारेवाल्यांचं काम त्यांच्या मशिनवर सुरू होऊन तिथेच संपत होतं: शूट करा, कापा, एक्स्पोर्ट करा, द्या. एक तारेवाल्यांचं एडिट पूर्ण झालं की काम फक्त पुढच्या माणसाकडे जातं.

कल्पना करा, लांबलचक माहितीपटाचा पिक्चर लॉक झालाय, म्हणजे चित्राचं एडिट आता बदलणार नाही. एडिटरने सुरुवातीपासून शिस्त पाळलेली असते: पहिल्या दोन ट्रॅकवर कॉलर माइकचा संवाद, पुढच्या दोनांवर बूम, मग इफेक्ट, शेवटी संगीत. साउंडवाला प्रो टूल्स या आवाजाच्या प्रोग्रॅमवर बसलाय. त्याला ओएमएफ, म्हणजे सगळे आवाज आणि त्यांच्या जागा सांगणारी फाइल द्यायची, प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी थोडी जास्तीची हँडल ठेवून, म्हणजे त्याला फेड करायला जागा मिळते. तो फाइल उघडतो तेव्हा सगळं त्याच ट्रॅकवर, त्याच टाइमकोडला, म्हणजे फ्रेमपर्यंत मोजलेल्या त्याच वेळेला, उभं असतं. तिकडे रंग ठरवणाऱ्या कलरिस्टला ईडीएल किंवा एक्सएमएल ही एडिटची यादी जाते: कुठल्या रीलमधला कुठला टाइमकोड, कुठून कुठपर्यंत. त्यावरून तो मूळ फुटेज पुन्हा जोडून घेतो. ही देवाणघेवाण नीट झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बिघडली तर दोन दिवस आणि एक मैत्री जाते.

पहिल्या फायनल कट प्रो एक्समध्ये ओएमएफ नव्हतं. ईडीएल नव्हतं. एक्सएमएलही नव्हतं, ना बाहेर जाणारं ना आत येणारं. ट्रॅक नसल्यामुळे ‘संवाद या चॅनलवर, संगीत त्या चॅनलवर’ असं वेगळं काढून देण्याची सोय नव्हती. ओएमएफसाठी ऑटोमॅटिक डक या छोट्या कंपनीचं जोडसाधन घ्यायचं होतं, आणि त्याची किंमत होती ४९५ डॉलर, म्हणजे खुद्द प्रोग्रॅमपेक्षा जास्त. स्वस्ताईची सगळी हवा तिथेच निघाली.

बाकीचं थोडक्यात. मल्टिकॅम नव्हतं. क्लायंटला दाखवायचा ब्रॉडकास्ट मॉनिटर जोडता येत नव्हता. टेपवर काढून देता येत नव्हतं. टेपच्या बाबतीत ॲपलचा होरा बरोबर होता. त्याच वर्षी मार्चमधल्या जपानच्या त्सुनामीत सोनीचा सेंदाईचा कारखाना बंद पडला, एचडीकॅम एसआर टेपचा तुटवडा झाला आणि लोक आपणहून फाइलींकडे वळू लागले. पण ‘लवकरच जाणार’ आणि ‘गेलं’ यांच्या मध्ये ज्याला येत्या शुक्रवारी चॅनलला टेप द्यायचीय तो माणूस उभा होता.

एक गोष्ट कमी बोलली गेली, पण ती मला फार बोलकी वाटते. पहिल्या आवृत्तीत मशिनवरचे सगळे इव्हेंट (फुटेजचे गठ्ठे) आणि सगळे प्रकल्प एकाच वेळी समोर दिसायचे. एक काम बंद करून दुसरं उघडावं असं काही नव्हतंच. स्वतःचे व्हिडिओ करणाऱ्याला हे सोयीचं. पण शेजारी एका कंपनीचा माणूस बसलेला असताना पडद्यावर तिच्या स्पर्धक कंपनीच्या अप्रकाशित जाहिरातीचं फुटेज दिसावं? एडिटर मग मॅकच्या फायंडरमध्ये जाऊन फोल्डर हाताने हलवून ते लपवायचे. असा प्रोग्रॅम आखणाऱ्याच्या डोळ्यासमोर खोलीत एडिटरच्या मागे सोफ्यावर बसलेलं दुसरं कुणी नव्हतंच. आणि व्यावसायिक एडिटच्या खोलीत सोफा असतोच.

त्याच दिवशी बंद केलेलं दार

इतकं सगळं असूनही हे प्रकरण निभावलं असतं. नवी आवृत्ती कच्ची असली की धंद्यातली माणसं काय करतात? सहा महिने थांबतात. जुन्यावर काम चालू ठेवतात, एका फावल्या मशिनवर नवं टाकून खेळतात. एडिटर या जातीइतकं सावध कुणी नसतं. चालू प्रकल्पाच्या मध्ये सिस्टिम अपडेट करणाऱ्याला तिथे वेड्यात काढतात.

पण २१ जूनलाच ॲपलने फायनल कट स्टुडिओची विक्री थांबवली. त्याबरोबर रंगाचा कलर, आवाजाचा साउंडट्रॅक प्रो, डीव्हीडी स्टुडिओ प्रो, आणि वेगळे विकले जाणारे फायनल कट एक्स्प्रेस व फायनल कट सर्व्हरही. ज्या स्टुडिओत दहा जागांवर काम चालू होतं आणि पुढच्या महिन्यात आणखी दोन एडिटर बसवायचे होते, त्याला त्या दोन जागांसाठी परवाना विकत मिळेना. नव्यावर जावं तर जुने प्रकल्प उघडत नाहीत. ‘थांबून बघू’ हा पर्यायच काढून घेतला गेला. माझ्या मते राग सुविधांकडून कंपनीकडे वळला तो इथे.

कुणी म्हणेल, पण हार्ड डिस्कवरचं जुनं फायनल कट कुणी पुसलं होतं? बरोबर आहे. नवं टाकताना जुने प्रोग्रॅम वेगळ्या फोल्डरमध्ये जायचे आणि चालायचे. २०१७ मध्ये मॅकओएस हाय सिएरा येईपर्यंत ते चालत राहिलं. त्याहून मजेदार म्हणजे २०१९ चा ‘पॅरासाइट’ फायनल कट प्रो ७ वर कापलेला आहे, आणि त्यालाही संकलनाचं ऑस्कर नामांकन होतं. म्हणजे जून २०११ मध्ये तांत्रिकदृष्ट्या कुणाचं काहीच बंद पडलं नव्हतं. तरीही घाबरणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. एडिटची यंत्रणा ठरते ती पुढच्या दोन-तीन वर्षांच्या कामावर नजर ठेवून: मालिकेचा पुढचा सीझन कशावर, साठवणुकीचा सर्व्हर कुठला, शिकाऊ मुलांना काय शिकवायचं. चालू असलेला पण वारस नसलेला प्रोग्रॅम या हिशोबात बसत नाही.

गंमत म्हणजे ॲपलला यातून जायचा अनुभव होता. २००७ मध्ये उबिलोस यांनीच आयमूव्ही असंच मुळापासून बदललं. टाइमलाइन गेली, लोक खवळले. तेव्हा ॲपलने नवं आयमूव्ही घेणाऱ्यांना जुनं आयमूव्ही एचडी फुकट उतरवून घेऊ दिलं आणि वाद निवला. घरगुती व्हिडिओ करणाऱ्यांना जी सवलत मिळाली, ती ज्यांचं पोट त्यावर चालतं त्यांना चार वर्षांनी मिळाली नाही. का, याचं पटेल असं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

ॲपलने काय केलं

जून संपता संपता ॲपलने प्रश्नोत्तरांचं पान काढलं. मल्टिकॅम पुढच्या मोठ्या आवृत्तीत येईल, एक्सएमएल काही आठवड्यांत, चॅनल वेगळे काढून देण्याची सोयही येईल. जुने प्रकल्प? ते येणार नाहीत, कारण दोन्ही रचना इतक्या वेगळ्या आहेत की काही ना काही गमावल्याशिवाय भाषांतर होत नाही.

यानंतरचं काम मात्र ॲपलने मन लावून केलं, हे कबूल करायला हवं. सप्टेंबरमध्ये फायनल कट स्टुडिओची विक्री फोनवरून, जुन्याच ९९९ डॉलरला, गाजावाजा न करता पुन्हा सुरू झाली. त्याच महिन्यात १०.०.१ आलं: एक्सएमएल, शेअर्ड स्टोरेजवर काम, ३० दिवस फुकट वापरून बघायची सोय, आणि ‘रोल्स’. क्लिपला संवाद, इफेक्ट, संगीत अशी खूण लावायची आणि एक्स्पोर्टला त्या खुणेनुसार वेगळं काढायचं. ट्रॅकची जी उणीव होती तिला दिलेलं हे अस्सल उत्तर होतं, आणि मला ते ट्रॅकपेक्षा सरस वाटतं. खूण क्लिपबरोबर फिरते, जागेवर अवलंबून राहत नाही. ३१ जानेवारी २०१२ ला १०.०.३ मध्ये ६४ कोनांपर्यंतचं मल्टिकॅम आलं आणि ब्रॉडकास्ट मॉनिटरची चाचणी आवृत्तीही. त्याच सुमारास एका छोट्या कंपनीचं ‘७टूएक्स’ आलं, ९.९९ डॉलरचं. ते फायनल कट ७ चे प्रकल्प नव्यात आणत होतं. सगळं शंभर टक्के येत नसे, पण बरंचसं येई. जे होणार नाही म्हणून सांगितलं होतं ते सात महिन्यांत पिझ्झाच्या किमतीत मिळू लागलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये दोन व्ह्यूअर आणि रेड कॅमेऱ्यांच्या रॉ फुटेजची सोय. क्लायंटपासून फुटेज लपवायची कसरत मात्र डिसेंबर २०१३ च्या १०.१ मध्ये एकेक काम वेगळं उघडता-मिटता येणारी ‘लायब्ररी’ आल्यावरच संपली.

आणि एडिटरांनी काय केलं

ॲपल दुरुस्त्या करत होतं तेव्हा शेजारी गप्प बसले नव्हते. अडोबीने फायनल कट सोडून येणाऱ्यांना निम्म्या किमतीत आपला संच देऊ केला. ॲव्हिडनेही मीडिया कंपोजरवर सवलत जाहीर केली. अडोबीचा डाव जास्त लागू पडला, आणि त्याला कारण सवलतीपेक्षा ओळखीचं घर. प्रीमियरमध्ये फायनल कट ७ चे कीबोर्ड शॉर्टकट एका क्लिकवर मिळत होते. फायनल कट ७ मधून काढलेलं एक्सएमएल प्रीमियरमध्ये उघडत होतं. म्हणजे जून २०११ मध्ये जुना फायनल कट प्रकल्प पुढे न्यायचा तर ॲपलच्या नव्या प्रोग्रॅमपेक्षा अडोबीचं दार जास्त उघडं होतं! ऑटोमॅटिक डकचा कर्ता त्याच वर्षी अडोबीत गेला आणि त्याची साधनं फुकट झाली.

पुढे २०१४ मध्ये ‘गॉन गर्ल’ आला. संकलक कर्क बॅक्स्टर, तेच ‘द सोशल नेटवर्क’वाले. या वेळी प्रोग्रॅम प्रीमियर प्रो. तोवर फायनल कट प्रो एक्समध्ये एक्सएमएल, मल्टिकॅम, मॉनिटर, लायब्ररी हे सगळं येऊन चुकलं होतं. २०१५ चा ‘फोकस’ त्यावर कापला गेला आणि स्टुडिओपटाच्या कामाला तो पुरेसा आहे हे दिसलं. तरी त्यामागोमाग रांग लागली नाही.

म्हणून मी म्हणतो की यादीच्या मागे दुसरी तक्रार होती. २०११ मध्ये एडिटरांना कळलं ते इतकंच की ही कंपनी एका सकाळी, आधी न सांगता, तुमच्या कामाचं साधन बाजारातून काढू शकते, आणि तसं करण्यात तिचं फारसं नुकसान नाही. कारण तिचा धंदा फोनवर चालतो, एडिटरांवर नाही. हा तर्क एकदा डोक्यात बसला की मल्टिकॅमचे ६४ कोन तो काढू शकत नाहीत. अडोबीनेही २०१३ मध्ये सगळं भाड्याने देण्याचा निर्णय घेऊन लोकांना चिडवलंच. पण संकलन आणि त्याच्या भोवतीची साधनं विकणं हा तिचा पोटाचा धंदा आहे, ते ती एका रात्रीत सोडणार नाही, एवढा भरवसा लोकांना पुरला. ॲव्हिडचंही तेच.

ॲपलच्या बाजूने पाहिलं तर हे अपयश आहे का? आकड्यांत नाही. २०१७ मध्ये ॲपलने फायनल कट प्रो एक्सचे वापरकर्ते २० लाखांच्या वर गेल्याचं सांगितलं. चुंबकी टाइमलाइनवर शिकलेली आणि ट्रॅक कधी वापरलेच नाहीत अशी एक पूर्ण पिढी तयार झाली. तिला जुन्यांची कुरकुर कळतच नाही. उबिलोस २०१५ मध्ये निवृत्त झाले. २०२० मध्ये नावातला ‘एक्स’ गेला. मला स्वतःला गोष्टीचा पहिला खर्डा कापायला आजही ही टाइमलाइन सगळ्यात मोकळी वाटते. डिझाइन म्हणून उबिलोस बरोबर होते, असंच मी म्हणेन. ते डिझाइन लोकांच्या हाती ज्या रीतीने दिलं गेलं त्याची किंमत मात्र डिझाइनलाच मोजावी लागली. जुनं फायनल कट आणखी दीड वर्ष विकत राहिले असते आणि नव्याला सरळ वेगळं नाव दिलं असतं, तर बॅक्स्टरसारखे लोक २०१२ मध्ये ते मोकळ्या मनाने उघडून बघायला राजी झाले असते, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण वाटतं.

एप्रिल २०२२ मध्ये चित्रपट आणि टीव्हीतल्या शंभरहून अधिक व्यावसायिकांनी टिम कुक यांना खुलं पत्र लिहिलं. हे लिहिणारे चिडून निघून गेलेले नव्हते. ते फायनल कट प्रो वापरणारे, त्याचे चाहते होते. प्रोग्रॅम उत्तम आहे, पण मोठ्या कामांवर तो वापरायचा म्हटलं की निर्माते नाही म्हणतात, अशी त्यांची अडचण. अनेकांना मिळून एका प्रकल्पावर काम करण्याच्या सोयी द्या, आणि या क्षेत्राला तुमचा जाहीर पाठिंबा आहे हे दिसू द्या, असं त्यांचं मागणं होतं. २०११ ला तेव्हा अकरा वर्षं होत आली होती.